तफीच्या पोटात

म्वानाकोंबोने कात्रीचं टोक शेपटीकडून आत घातलं आणि गळ्यापर्यंत एका ओढीत माशाचं पोट उघडलं. जठर ताटलीत काढून ती चिमट्याने एकेक तुकडा बाजूला करू लागली. खेकड्याची नांगी, शंखाचं झाकण, अर्धा किडा. चांगू मासा होता. दगडांच्या तळाशी चरणारा.

"जेवण अर्ध्यावर टाकून आलाय बघ," समोर बसलेली मेजुमा म्हणाली. "आमच्या घरच्यासारखा. हा निदान जाळ्यात तरी येतो." आणि लगेच तिने जीभ चावली.

म्वानाकोंबो हसली नाही आणि रुसलीही नाही.

"शंख एक," ती म्हणाली. "लिही."

एकाच खडकावर चार जातींचे मासे कसे नांदतात, कोण काय खातं, हे मासळी संशोधन केंद्राला शोधून हवं होतं. गावातल्या या दोघी वर्षभर पोटं फाडत होत्या. त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं, की प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून भांडण नाही.

म्वानाकोंबोचा नवरा म्ब्वाना समुद्रावर गेला त्याला सात आठवडे झाले होते. होडी सापडली, वल्हंही सापडलं. तो सापडला नाही. सुरुवातीला प्रत्येक जठर कापताना म्वानाकोंबोचा श्वास अडकायचा. आता अडकत नव्हता. आता काहीच होत नव्हतं.

विधवेने चार महिने दहा दिवस घरात इद्दतीला बसायचं असतं. पण ती विधवा कुठे होती? इमाम म्हणाले होते, "त्याची आई ज्या दिवशी हो म्हणेल, त्या दिवशी आपण मयताशिवाय जनाज्याची नमाज पढू." आणि सासू, मिशीबाई, म्हणत होती की तो पेंबा बेटावर लागला असेल, कुणीतरी त्याला जेवू घालत असेल, वारा फिरला की येईल. जिवंत माणसाची बायको म्हणून म्वानाकोंबो रोज कामावर येत होती.

मात्र होडी रिकामी सापडली त्या दिवसापासून घरात मासा शिजला नव्हता. का, ते सासूने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. केंद्रात पोटं तपासून झाली की मासे दोघींत वाटून घ्यायचे. आपला वाटा ती मेजुमाला देऊन टाकायची. घरी मक्याची उगाली आणि माठाची भाजी. तीन वर्षांची झुएना घास तोंडात घेऊन जिभेने चाचपायची आणि बोट घालून भाजीतून काटा शोधायची. सापडला नाही की आईच्या तोंडाकडे बघायची. पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती.

त्या दुपारी म्वानाकोंबोने वाट्यातले दोन तफी मासे ठेवून घेतले.

मेजुमाने पाहिलं. वर एक लिंबू ठेवलं.

सासू अंगणात नारळ खवत होती. म्वानाकोंबोने टोपली तिच्यापुढे ठेवली आणि केळीचं पान बाजूला केलं. खवणीवरचा हात थांबला.

"उचल ते."

"आई, हा तफी आहे."

"डोळे आहेत मला."

"हा गवत खातो." म्वानाकोंबोचा आवाज कामावर आकडे सांगताना असायचा तसाच होता. "समुद्रातलं गवत आणि शेवाळ. वर्षभरात तीनशेच्या वर पोटं उघडली मी. हिरव्या लगद्याशिवाय काही निघालं नाही. एकातही नाही."

सासूने खवणीवरचा कीस उगाचच बोटाने सारखा केला. झुएना येऊन टोपलीशी उकिडवी बसली आणि माशाच्या डोळ्यावर बोट टेकवून पाहू लागली.

"खात्रीनं सांगतेस?"

"हो."

सासूने टोपली ओढली. खवले काढले, लिंबू चोळलं, नारळाच्या रसात मासे शिजवले. सगळं तिने एकटीनेच केलं. मग नातीला मांडीवर घेऊन काटे काढत भरवू लागली. पोरगी घाईघाईने गिळत होती, मध्येच बोटं चाटत होती.

"हळू गं, पळून नाही जात तो," सासू म्हणाली. आणि पुढचा घास निवडता निवडता, मान वर न करता, "आणि चांगू?"

म्वानाकोंबोने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"चांगू तळाशी असतो, आई."

"तळाशी काय खातो?"

"मिळेल ते."

सासूने मान हलवली. तिच्या बोटांत एक बारीक काटा आला होता; तो तिने पानाच्या कडेला लावला, त्याच्याशेजारी दुसरा. झुएनाने आ केला, तसा घास तिच्या तोंडात गेला. मग सासूने स्वतः एक तुकडा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ चावत राहिली.

सकाळी म्वानाकोंबो काळा बुरखा चढवून निघाली, तर सासू दारात उभी होती. अंगावर ठेवणीतला कांगा, पायांत चपला.

"मेजुमाला निरोप धाडलाय मी," ती म्हणाली. "आज जाऊ नकोस."

"मग उद्या?"

"उद्याही नको, पोरी."

ती पायऱ्या उतरली आणि इमामांच्या घराच्या वाटेला लागली. एकदा थांबली, पुन्हा चालू लागली. म्वानाकोंबोने बुरखा काढला. तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना. हातात धरून ती तशीच उभी राहिली.