पंचशीलाचं कपाट

लातूर जिल्हा झाला त्या साली पावसानं सपशेल पाठ फिरवली. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगत होत्या आणि चाकूरकडच्या विहिरी तळ दाखवत होत्या. त्याच साली ग्यानोबा सोनकांबळेची पंचशीला गेली. एकुलती एक लेक, नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. घरी आली ती कावीळ घेऊन आणि आठवड्याच्या आत संपली.

ग्यानोबा एसटीत कंडक्टर. सुट्टी संपल्यावर तो पुन्हा लातूर-नांदेड गाडीत उभा राहिला, तिकिटं फाडली, घंटी वाजवली. रडला मात्र नाही. रडू आवरलं म्हणावं तर तसंही नव्हतं. आतून काही येतच नव्हतं. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. लोकांचं काय जातंय म्हणायला. घरी तो बायकोला, धुरपताबाईला, ‘पंचशीलाची माय’ अशी हाक मारायचा. तीही बंद झाली. दुसरी हाक त्याला ठाऊक नव्हती, म्हणून तो तिला हाकच मारीना.

पंचशीलाचा एक हट्ट होता. वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं कपाट हवं, आणि त्यात भौतिकशास्त्र हवं. ती म्हणायची, “आबा, हुशारायसाठी न्हाई. ज्याला काहीच येत न्हाई पन इचारावं वाटतंय, त्याच्यासाठी.” माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराला काहीतरी दान द्यायची त्यांच्यात रीत. ग्यानोबा त्या दिवशी उठला आणि म्हणाला, कपाट मी देतो. एवढंच बोलून खाली बसला.

कपाट आलं, काचेच्या दारांचं. पुस्तकांसाठी तो पंचशीलाच्या कॉलेजातल्या सरांकडे गेला आणि भौतिकशास्त्राची चांगली पुस्तकं सांगा म्हणाला. कुणासाठी हवीत, हे सांगायचंच राहिलं. सरांचाही जीव त्या पोरीवर होता. त्यांनी अशी एक-एक पुस्तकं निवडली की उशाला घेतली तर मान अवघडावी. निम्मी इंग्रजीतली आणि उरलेली, त्यांच्या मराठीपेक्षा इंग्रजी बरी म्हणावी अशी.

वस्तीनं ती पुस्तकं डोक्यावर घेतली. बायांनी पांढरी फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, कपाटासमोर हात जोडले. शेजारची नागुबाई रोज पदरानं काच पुसायची. पण किल्ली कुणी मागितली नाही. ग्यानोबानं एकदा विचारलं तेव्हा नागुबाई म्हणाली, पंचशीलाची पुस्तकं ती, त्यांना आमचे शेणामातीचे हात कसे लावायचे? देव सोडून पाव शतक उलटलेल्या वस्तीनं नकळत एक नवा देव काचेत बसवला होता. आणि त्याच्या पायाशी ग्यानोबाच्या लेकीचा हट्ट गाडला गेला होता.

वर्षश्राद्ध त्यांच्यात नसतं, पण वर्षाच्या दिवशी विहारात पुन्हा जमायचं ठरलं होतं. तो दिवस जवळ आला तसं ग्यानोबानं कपाट उघडून एक पुस्तक स्वतःच वाचायला घेतलं. ओ की ठो कळलं नाही. तो मॅट्रिक झालेला, त्याची ही गत, तर नागुबाईच्या सुनेनं काय करावं? तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण पंचशीलाचं निम्मंच वाक्य सरांना सांगितलं होतं.

मग नांदेडला गाडी थांबली की तो पुस्तकांची दुकानं धुंडाळू लागला. पुस्तक आणायचं, आधी स्वतः वाचायचं, मगच ठेवायचं. एक पुस्तक दर ओळीला ‘बालमित्रांनो’ म्हणून गाल ओढायचं, ते परत गेलं. दुसऱ्यात पानोपानी ‘हे सर्वांना ठाऊकच आहे’ असं होतं. सर्वांना ठाऊक असतं तर कागद कशाला नासला? तेही परत. काही बरी निघाली. ब्रेक लागला की उतारू पुढं का झुकतात, हे एकात वाचून त्यानं मान हलवली आणि ते पिशवीत टाकलं. कळत होतं, पण कळून काहीच होत नव्हतं. पाटी बघून गाव ओळखावं आणि तिथं उतरू नये, तसं.

वर्षाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तो अंगणात बाजेवर एक पातळ पुस्तक घेऊन बसला. आत धुरपताबाई भाकरी थापत होती. पुस्तक पंपाबद्दल सांगत होतं. पाणी ओढलं जात नाही, बाहेरची हवा त्याला दाबून वर ढकलते. हवेला वजन असतं. आपल्या उघड्या पंजावर हवेचं ओझं असतं, जवळजवळ ज्वारीच्या पोत्याएवढं. शेजारी पंजाचं चित्र होतं.

ग्यानोबानं हात पुढं केला, पंजा उघडला. काहीच जाणवेना. अडलं की तो लेक असताना जे करायचा, तेच त्याच्या हातून घडलं.

“पंचशीले, ए पंचशीले, येवढं ओझं हाय तर मंग जानवत का न्हाई गं?”

भाकरीचा आवाज थांबला. वर्षभरात त्या घरात हे नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. धुरपताबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

“मला इचारा,” ती म्हणाली. “तिला इचारायचं ते मला इचारा.”

तिला वाचता येत नव्हतं. त्यानं तेवढं पुन्हा वाचून दाखवलं. ती बाजेवर टेकली आणि चित्रातल्या पंजावर तिनं आपला पंजा ठेवला. ओलं पीठ पानभर उमटलं. मग का जाणवत नाही, तिनं विचारलं. त्यानं पान उलटलं. तिथं लिहिलं होतं की बाहेरून जेवढा दाब असतो तेवढाच आतूनही असतो, म्हणून माणसाला ओझं कळत नाही. तो ‘आतूनही’पर्यंत वाचू शकला. पुढं त्याचा आवाज फुटला, आणि वर्षभर अडलेलं सगळं बाहेर आलं. तव्यावरची भाकरी करपली. धुरपताबाईनं ती करपू दिली.

“पंचशीलाची माय,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “पानी दे.”

दुसऱ्या दिवशी जाड पुस्तकं सरांच्या कॉलेजाला द्यायची म्हणून बाजूला निघाली, पातळ पुस्तकं कपाटात गेली आणि कुलूप निघालं. लोक नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले. नागुबाई पुस्तकं पुसू लागली. एका पुस्तकातलं वाळलेलं पीठ काही केल्या निघेना.

“ह्याला तर आदीच हात लागलाय की,” ती म्हणाली, आणि ते तिनं सुनेच्या हातात दिलं. वाच म्हणाली.

सून अडखळत वाचू लागली. पंजाशी आली तशी नागुबाईनं आपला हात पुढं केला, उलटासुलटा करून पाहिला. मग दोघी-तिघींनी केला. एवढं ओझं आहे तर जाणवत का नाही, असं नागुबाईनं ग्यानोबाला विचारलं. त्यानं तोंड उघडलं, पण धुरपताबाई त्याच्या आधी बोलली.

“आतून बी तेवढंच ढकलतंय,” ती म्हणाली, “म्हनून.”