उजवा कौल

गोदा कातळाला पाठ लावून मटकन बसली आणि म्हणाली, आता देवीलाच खाली बोलाव गो. सुनेने, रुचिराने, पाण्याची बाटली पुढे केली. वाघजाईचा डोंगर तरण्याताठ्यालाही घाम फोडतो, आणि गोदाचे गुडघे तर कधीचेच कामातून गेलेले. पण कौल हवा तर पायी चढायचं आणि ज्याचं गाऱ्हाणं त्यानेच चढायचं. डोलीत बसून आलेल्याला देवी उत्तर देत नाही, अशी गावाची समजूत.

गाऱ्हाणं गोदाचं होतं, सर्वेशबद्दलचं. तिचा एकुलता एक मुलगा, रुचिराचा नवरा. जयगडला मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि एका वादळात बोटच गेली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, याचं लागलं नाही. तेव्हापासून दरसाल दिवाळी सरली की गोदा डोंगर चढायची आणि विचारायची, पोरगा हाय का? देवी दर वेळी उजवा कौल द्यायची. उजवा म्हणजे हाय. मग पुन्हा वर्षभर मोटारीचा आवाज आला की दार उघडायचं. आशा मेली चिवट, गवतासारखी, कितीही उपटा.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. रुचिराच्या माहेरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. बायको वारलेला, शांत स्वभावाचा माणूस, आणि तोही किती दिवस थांबणार? रुचिराने माहेरी एकच सांगितलं होतं, देवीने तोंड फोडून सांगितल्याशिवाय मी गळ्यातलं काढणार नाही. गोदाला हे परक्यांकडून कळलं.

शेवटची चढण म्हणजे नुसती भिंत. वाळलेल्या गवतावरून पाय सटकत होता. रुचिरा मागून सासूच्या कमरेला हात देऊन तिला वर ढकलत होती. गोदा दर दोन पावलांना देवीला शिव्या घालत होती आणि लगेच माफीही मागत होती. देवळाच्या पायऱ्या आल्या आणि रुचिरा थबकली. खाली मान घालून म्हणाली, वाटेतच पाळी आली, आता वर नाही येता यायचं. गोदाने कपाळावर हात मारला. पोटात दुखत असताना पोरीने आपल्याला इतकं वर रेटत आणलं, हे मात्र तिला लागलं. तिने रुचिराला झाडाखाली बसवलं आणि एकटीच वर गेली.

सखाराम गुरवाने फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. पोर जिवंत असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी. गोदाने हात जोडले. मग आपण मनात काय मागतोय हे तिच्या लक्षात आलं. ती डावी मागत होती. सख्ख्या आईने असं मागावं?

पाकळी बराच वेळ हलली नाही. मग उजवी पडली.

सखाराम खूश झाला. "काकी, पोरगा सुखरूप हाय बघा," म्हणत त्याने ती पाकळी उचलून तिच्या हातावर ठेवली.

गोदाला आनंद झाला नाही. डोंगरावर बसलेली ही बाय, हिने समुद्र कधी बघितलाय? जयगडच्या धक्क्यावर ती स्वतः उभी राहिली होती. बोटीवरच्या पोरांना फडक्यात गुंडाळून आणताना तिने डोळ्यांनी बघितलं होतं. सर्वेश उरला नाही, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. उगाच त्या पोरीला आपल्याबरोबर उंबऱ्यात बसवून ठेवलं.

दाराबाहेर येता येता तिने ती पाकळी तोंडात टाकली आणि गिळली.

तिला बघून रुचिरा उठून उभी राहिली.

"डावा पडला," गोदा म्हणाली.

"नक्की?"

"माज्या डोळ्यांनी बघितला. माहेरी कळव तुज्या."

रुचिरा झाडाला धरून खाली बसली आणि इतकी वर्षं न रडलेलं सगळं रडली. गोदा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपण आपल्याच तोंडाने लेकाला मारलं, आता घरी जाऊन दार कुणासाठी उघडायचं, एवढंच तिच्या मनात येत होतं. खाली दरीत ऊन कलायला लागलं होतं.

"आई, तुमीपन रडा ना," रुचिरा हुंदके देत म्हणाली.

"घरी गेल्यावर. उतरताना डोळं कोरडं लागतात गो."

आणि ती पुढे होऊन, एकेक पाय चाचपत, उतरायला लागली.