बॉक्सबरोबर गेलेली पाळत

नँटिकोक गावातल्या केबल कंपनीने वॉल्ट डुडाशला नोकरीवर घेतलं ते जुन्या टेलिफोन कंपनीतल्या त्याच्या अनुभवासाठी. केबलवरून इंटरनेटचा फोन देणं नुकतंच सुरू झालं होतं. कोर्टाचा हुकूम आला की कुणाचा फोन ऐकायची सोय करून देणारा माणूस त्यांना हवा होता. वॉल्टने ते काम तांब्याच्या तारांच्या काळात केलेलं होतं. तेव्हा तार घरापर्यंत जायची आणि ती एकदा पकडली की घरच हाती यायचं.

मार्चच्या मध्यावर चोरीच्या औषधी गोळ्या विकणाऱ्या एका इसमाबद्दल हुकूम आला. वॉल्टने त्याच्या घरातल्या फोनच्या बॉक्सचा क्रमांक यंत्रणेत भरला. त्या बॉक्समधून जाणारं प्रत्येक बोलणं आता तपास अधिकाऱ्यांनाही ऐकू जाऊ लागलं. थोड्याच दिवसांत बॉक्स खरखरायला लागला, म्हणून त्या इसमाने तो कंपनीच्या काउंटरवर बदलून घेतला. जुना बॉक्स दुरुस्त होऊन, पुसूनबिसून बर्नडीन वास्को यांच्या घरी बसवला गेला. पाळतही बॉक्सबरोबर गेली. तार जागची हलत नाही पण बॉक्स हलतो, हे वॉल्टच्या डोक्यातच आलं नाही.

वास्कोबाई सत्तरी ओलांडलेल्या. संध्याकाळचं जेवण उरकलं की त्या टोलेडो शहरातल्या बहिणीला, फ्लॉरेन्सला, फोन लावायच्या. कितीही बोललं तरी बिल तेवढंच, म्हणून तर त्यांनी केबलचा फोन घेतला होता. नवरा गेल्यापासून दिवसभरातलं मोकळं बोलणं तेवढंच.

एप्रिलमध्ये तपास अधिकारी टिस्डेलबाईंनी वॉल्टला फोन केला.

"तुमच्या त्या गोळ्यावाल्याच्या फोनवर हल्ली दोन म्हाताऱ्या बोलतात. शनिवारी पाच डझन हलुपकी तयार ठेव, फादरला कळू देऊ नकोस, असं चाललंय. आमचे दोघंजण फळ्यावर बाण काढत बसलेत. हलुपकी म्हणजे काय हो?"

"कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणि भात. चर्चच्या विक्रीला करतात," वॉल्ट हसत म्हणाला. मग त्याने बॉक्स कुठे आहे ते पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

त्याचा साहेब केविन प्रिचर्ड म्हणाला, "पाळत बंद कर, त्या इसमाच्या नव्या बॉक्सवर लाव आणि विसरून जा. म्हातारीला पत्ताच नाही, तर तिचं बिघडलं काय?"

"तिचं बोलणं ऐकलंय त्यांनी, केविन."

"कोबीबद्दलचं!"

वॉल्टने तरीही कोर्टाला लेखी कळवलं. न्यायाधीशांनी बाईंना सांगायचा आदेश दिला. टिस्डेल सांगायला निघाल्या आणि बॉक्सचा घोळ समजावायला वॉल्टला बरोबर जावं लागलं.

"वॉल्टी! किती सुटलायस रे," त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या वास्कोबाई दार उघडत म्हणाल्या. "आईला म्हणावं, बिंगोला ये. तिच्या खुर्चीत ती डोलोरेस बसते आणि लबाडी करते."

खसखशीच्या रोलचे काप पुढे आले. टिस्डेलनी झालं ते सांगितलं. बाई आधी हसल्या.

"म्हणजे सरकारला माझी हलुपकी कळली तर! त्यात मीठ कमी असतं असं फ्लॉरेन्स म्हणते, ते खरं धरू नका हं." मग त्यांनी रोलची बशी खाली ठेवली. "सगळंच ऐकलंत?"

"गुन्ह्याशी संबंध नसला तर ऐकणं थांबवायचं, असा नियम आहे. अधूनमधून तपासायचं फक्त."

"मग थांबवलंत?"

"उशिरा," टिस्डेल म्हणाल्या. "आम्हाला ती सांकेतिक भाषा वाटली."

"गुड फ्रायडेची संध्याकाळ? फ्लॉरेन्स रडत होती, ते?"

टिस्डेलनी खाली बघत होकार दिला. "मी बंद करायला हवं होतं."

"साठ वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. मला सांगितलं, कारण फोनवर मी एकटी होते."

वॉल्टने घाईघाईने सांगितलं की सगळं ध्वनिमुद्रण कोर्टात सीलबंद होणार आहे.

"आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानांना सील लावणार का रे?"

फ्लॉरेन्सने काय सांगितलं होतं ते वॉल्टला कधीच कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. निघताना तो दारात रेंगाळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मिसेस वास्को, बहिणीला सांगू नका. तुम्हाला सांगणं आम्हाला भाग होतं. तिला कळायची गरज नाही."

"रोज तिच्याशी बोलायचं आणि हे पोटात ठेवायचं? तुला तरी जमलं का गप्प बसणं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी बहिणीला सांगितलं.

जूनमध्ये दुकानात भाजीपाशी त्या वॉल्टला भेटल्या. फ्लॉरेन्स कशी आहे, त्याने विचारलं.

"बरी आहे. बोलतो की रोज. टोमॅटो धरले का, विचारते. धरले, म्हणते मी. मग फोन ठेवतो."

"आता कुणी ऐकत नाही, मिसेस वास्को. मी स्वतः तपासलंय. पुन्हा पुन्हा."

"ठाऊक आहे रे मला. तिलाही सांगितलं."

"मग?"

"'बरं' म्हणाली. आणि तिकडे पाऊस आहे म्हणाली."