मळा कोणाचा होता?

मी खुर्ची बोलतेय. नाशिकच्या एका जुन्या थिएटरातली, बाल्कनीच्या मधल्या रांगेतली, लाल रेक्झिनची. सध्या थिएटरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारवाल्याची वाट बघत पडले आहे. आत आता पाय लांब करून लोळायचे सोफे लागलेत. लागोत बापडे, मला त्याचं दुःख नाही. मला अजून किळस येते ती एका सिनेमाची, आणि ते सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही.

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, आत काथ्या, आणि माणूस उठला की आपोआप मिटणारी बैठक. थिएटरात आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. पुढे लोकांनी माझे लाड केले ते असे: खालून च्युइंगम चिकटवलं, वरून कोल्ड्रिंक सांडलं आणि मागच्यांनी पाठीत गुडघे घातले. सगळं सांगत बसले तर तुम्हाला जेवण जायचं नाही. एक विद्या मात्र मिळाली. सिनेमा कुठे रंगला आणि कुठे फसला, हे मला बसणाऱ्याच्या चुळबुळीवरून कळतं.

गेल्या दसऱ्यानंतर तो सिनेमा लागला. प्रेमकथा, त्यातून विनोदी. रविवारी दुपारच्या खेळाला माझ्यावर कलाबाई नावाच्या दणकट बाई बसल्या. त्यांच्या डावीकडे त्यांचा भाचा सार्थक, अंबडच्या कंपनीत नोकरीला असलेला. उजवीकडे हर्षाली, मखमलाबादकडच्या फूलशेतीवाल्यांची मुलगी. बघण्याचा कार्यक्रम आधीच झाला होता. हल्ली पुढची पायरी म्हणून दोघांना सिनेमाला धाडतात, मध्ये आत्या बसवतात, आणि सिनेमा सुटला की मुलीने हो की नाही ते सांगायचं. दोन्हीकडची माणसं बाहेर चहाच्या हॉटेलात उत्तराची वाट बघत होती. स्थळ कलाबाईंनीच आणलेलं, तेव्हा त्यांचीही अब्रू पणाला लागली होती.

खरं ते सांगते, पूर्वार्ध झकास होता. नायक-नायिका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकतात आणि भांडता भांडता एकच डबा संपवतात. संवाद खुसखुशीत, नायिका तर नुसत्या डोळ्यांनी हसवते. कलाबाई इतक्या हसल्या की माझे स्क्रू ढिले झाले. हर्षालीही हसली, तीही सार्थककडे बघून. मला वाटलं, जमलं.

मग तो नायक बिघडला. नायिका नाही म्हणते, तर हा तिच्या ऑफिसात ठाण मांडून बसतो. ती पुन्हा नाही म्हणते, तर हा तिचा फोन लपवतो. आणि याला म्हणे विनोद म्हणायचं. शेवट तर ओकारी यावी असा. दसऱ्याच्या आदल्या रात्री हा पठ्ठ्या कोणाच्या तरी मळ्यात शिरतो, झेंडू ओरबाडतो, तिच्या दारात त्याचा सडा घालतो आणि ती विरघळते. थिएटरभर शिट्ट्या झाल्या. सार्थकने टाळ्या वाजवल्या.

हर्षालीने माझा हात घट्ट धरला. "मळा कोणाचा होता?" तिने विचारलं.

"पिक्चर आहे गं," सार्थक म्हणाला. "एवढं काय त्यात?"

"आम्ही पावसाळाभर झेंडू जपतो, त्या एका दिवसासाठी."

"त्या मळेवाल्याचं पुढं काय झालं, ते दाखवलं का गं?" कलाबाईंनी हळूच विचारलं.

"नाही दाखवलं."

दिवे लागले. सार्थक आत्याच्या पुढून वाकला. "मग, बाहेर काय सांगायचं?"

"माझा नकार आहे," हर्षाली म्हणाली.

तो चक्क हसला. "पिक्चरमधली पण आधी नाहीच म्हणते. उद्या गाडीभर फुलं पाठवतो, मग बघू."

मला शिसारी आली. हर्षाली उठली, दाराकडे बघून पुन्हा बसली. बाहेरही आपला नकार असाच हसण्यावारी नेतील, हे तिला कळलं असावं.

"सार्थक," कलाबाई म्हणाल्या, "मधी मी बसले हाय. मला तिचं 'नाही' एका खेपेत ऐकू आलं. तुला किती वेळा सांगावं लागतं?"

"आत्या, गंमत केली मी."

"गंमत नाय ती. स्थळ म्या आणलं, बाहेर जाऊन मीच मोडते. तू माझ्या मागं ये, पोरीच्या नको."

त्या उठल्या. माझी स्प्रिंग कधीचीच गंजलेली, बैठक अर्धीच मिटायची. त्या दिवशी मी खाडकन पूर्ण मिटले.

सिनेमा पुढे बरेच आठवडे चालला. फुलांच्या त्या प्रसंगाला प्रत्येक खेळाला शिट्ट्या पडायच्या. माझ्यावर बसलेलं कुणीतरी तो प्रश्न पुन्हा विचारील म्हणून मी कान लावून असायचे. कुणीच विचारला नाही.

भंगारवाल्याचा टेम्पो आला वाटतं. जाता जाता एवढंच मागते. त्या नव्या सोफ्यांवर लोळताना पडद्यावर कुणी फुलं उधळली, तर शिट्टी मारायच्या आधी शेजारच्याला विचारा, मळा कोणाचा होता.