वर्गणीदाराचं पत्र

"मूठ घट्ट आवळा," मी म्हटलं आणि दंडावर पट्टा बांधला.

खुर्चीतले गृहस्थ आमच्या प्रार्थनासभेतले, नेहमी पहिल्या रांगेत बसणारे. मूठ आवळायचं सोडून ते माझ्याकडे बघून हसले. "ताई, तुमच्या मिस्टरांचं पत्र वाचलं हो मासिकात! काय लिहिलंय! डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

सुई हातात तशीच राहिली. आमचे हे आणि पत्र? ह्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला साधी चिठ्ठी लिहिलेली नाही.

"कुठलं पत्र?"

"तेच हो, त्यांच्या आईवरचं."

मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढते. शीर शोधायला मला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी गृहस्थांना दोनदा टोचावं लागलं.

पत्र माझं होतं. आई शेवटच्या आजारपणात माझ्याकडेच होती. नजर अधू झालेली, म्हणून ड्यूटीवरून आले की मी तिला सभेचं मासिक वाचून दाखवायची. पहिलं पान उघडलं की 'बंधूंनो'. मग 'मर्दासारखे श्रद्धेवर उभे राहा', मग 'बायकी रडगाणे सोडा'. माणूस खचला की बायकी, टिकला की मर्द. मी आपली वाचत सुटायची. एकदा आईने माझा हात धरला.

"थांब गं जरा. हे सगळं पुरुषांनाच चाललंय. देवाला मला काहीच सांगायचं नाही का?"

मी अंक मिटला. थोड्याच दिवसांत ती गेली, आणि तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. शेवटी मी पत्र लिहिलं. फाडलं, पुन्हा लिहिलं. आईचे शब्द जसेच्या तसे घातले, खाली सही केली आणि पाठवून दिलं.

त्या संध्याकाळी घरी गेले ती थेट ह्यांचं कपाट उघडलं. अंक शर्टांच्या खाली होता. पत्र छापलं होतं, ठळक चौकटीत. 'आम्ही बायका' लिहिलं होतं तिथे 'आपल्या भगिनी' झालं होतं. 'माझी आई' मात्र तसंच होतं. आणि खाली ह्यांचं नाव.

"अगं, मला तरी कुठे ठाऊक होतं?" हे म्हणाले. "अंक बघून मीच चाट पडलो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो. पण तोवर सभेत चार जणांनी येऊन हात हातात घेतला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने शाबासकी गिळलीत, त्याच!"

"एवढं काय चिडतेस? पत्र छापून आलं, हे महत्त्वाचं."

"अहो, माझी आई नेलीत तुम्ही!"

ह्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधीच गेल्या. मासिकाचा उपयोग त्यांना एकच, फडताळात अंथरायला. आता सगळी सभा त्यांना साध्वी म्हणत होती. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून संपादकांकडे गेले. सभागृहामागची खोली, दोन टेबलं, बांधून ठेवलेले गठ्ठे. संपादकांनी अगत्याने चहा मागवला.

"वहिनी, आमचा नियमच आहे. पत्रं फक्त वर्गणीदारांची. आम्ही पत्ता ताडून बघतो. तुमच्या पत्त्यावर वर्गणी मिस्टरांच्या नावाने, म्हणून त्यांचं नाव टाकलं. नाहीतर तुमचं पत्र टोपलीतच गेलं असतं."

"खाली माझी सही होती."

"घर एकच ना? आणि खरं सांगू का, बाईने लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, सुरू झालं हिचं रडगाणं. पुरुषाने लिहिलं म्हणून वजन आलं. पुढच्या अंकापासून आम्ही 'बंधुभगिनींनो' लिहिणार आहोत. तुमचं काम झालं की!"

"दुरुस्ती छापा."

"छापली तर तुमच्या मिस्टरांची शोभा होईल हो. चालेल तुम्हाला?"

"चालेल."

ते खो-खो हसले. मी गंमत केली असं वाटलं त्यांना. दुरुस्ती आली नाही. उलट ह्यांनाच निमंत्रण आलं, पत्र सभेत वाचून दाखवायचं.

मी ह्यांना म्हटलं, "खुशाल वाचा. पण आईपाशी आलात की थांबायचं. सांगायचं, ही माझी सासू आणि पत्र माझ्या बायकोचं. एवढं एकच करा, पुन्हा ह्या विषयावर चकार शब्द काढणार नाही."

"करतो. शप्पथ."

माझा विश्वास बसला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी फसवलं नव्हतं. सभेसाठी शर्टही मीच इस्त्री करून दिला.

सभागृह गच्च भरलं होतं. हे वाचत होते आणि चांगलं वाचत होते. आईपाशी आले आणि खरंच थांबले. मान वर करून बायकांच्या रांगांमध्ये मला शोधलं. मी पुढे सरकून बसले. हे बोलणार, आता बोलणार. ह्यांचे ओठ हललेसुद्धा.

तेवढ्यात कुणीतरी लगबगीने पाण्याचा पेला नेऊन दिला. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीने गळा दाटला. हे पाणी प्यायले, कागदाकडे बघितलं आणि "माझी आई" म्हणून पुढे वाचू लागले. डोळ्यांत खरं पाणी होतं. ते पाणी मी ह्यांना कधीही माफ करणार नाही.

टाळ्या थांबेनात. शेजारच्या खुर्चीवरच्या शिक्षिकाबाई माझ्याकडे झुकल्या. "नशीबवान आहात हो."

"ती माझी आई होती," मी म्हटलं. टाळ्यांतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "देवाला विचारणारी ती बाई माझी आई होती!"

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

"सासूला आई म्हणायला केवढं मोठं मन लागतं," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून त्यांनी ते बाकीच्या बायकांनाही सांगितलं.