चाळणीखालचं

नवी चाळण आली त्या दिवशीच सुमंगलाच्या डोक्यात तिडीक गेली. चाळण पितळी, चकचकीत, दिसायला झकास होती. पण तिची भोकं अर्ध्या मिलिमीटरची. जुनीची पाव मिलिमीटरची होती. ज्याला फरक कळत नाही त्याला दोन्ही चाळणी सारख्याच दिसल्या असत्या. सुमंगलाला फरक कळत होता आणि चाळण मागवणाऱ्यालाही तो पुरेपूर कळत होता. रागाचं कारण तेच होतं.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या खासगी प्रयोगशाळेत सुमंगला सोळा वर्षं समुद्रतळाचा चिखल चाळत होती. पाच किलोमीटर खोलवर, हाडं गोठवणाऱ्या गार पाण्याखालून जहाजानं उपसलेला चिखल बादल्यांतून यायचा. मदतनीस असलेली कोल्हापूरकडची भागीरथी वरून पाणी सोडायची आणि सुमंगला चाळण हलवायची. चाळणीत उरलेले जीव गुलाबी रंगात भिजवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळा काढायचा, बाटलीत घालायचा आणि तक्त्यात मांडायचा. तक्त्याखाली सही तिची, आणि त्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे.

जीव म्हणजे तरी काय, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक किडे, केसासारखे पाय असलेले कवचवाले, मोहरीएवढ्या शिंपल्या. तिथे उजेड नाही, गवताची काडी नाही. वरच्या समुद्रात जे मरतं त्याचा चुरा हळूहळू खाली पडतो, तेवढंच अन्न. तो चुरा हे किडे खातात, चिखलात ओढून नेतात, गाडतात, चिखल खालीवर करून त्यात हवा खेळती ठेवतात. त्यांच्यावर दुसरे जगतात, त्या दुसऱ्यांवर मासे. त्या थंडीत सगळंच संथ, म्हणून एकदा तळ खरवडला गेला की तो माणसाच्या आयुष्यात पुन्हा भरून येत नाही. हे सगळं सुमंगलाला शिवदास सरांनीच शिकवलं होतं. सर जवळच्याच नार्वे गावचे. प्रयोगशाळेचे प्रमुख.

आणि त्याच सरांनी ही चाळण मागवली होती. त्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेले असतात, आणि एका कंपनीला ते गोळे यंत्रानं खरवडून काढायचे होते. त्याआधी तळावर किती जीव आहेत याचा अहवाल द्यायचा होता. जीव जितके कमी, तितकं परवानगी मिळणं सोपं. मग भोकं मोठी करायची, जीव आपोआप खाली गळून पाण्याबरोबर गटारात जातात. कुणी खोटं बोललं असं म्हणायलाही जागा उरत नाही.

"सर, हेच्यातून बारके सगळे खाली जातले," ती म्हणाली होती.

"वरून ठरलंय. तू चाळायचं काम कर," सर म्हणाले होते. प्रश्न टाळायचा असला की सर शुद्ध मराठी बोलत, आणि कुणाकडून काही काढून घ्यायचं असलं की घरची बोली.

सुमंगला मुकाट्यानं चाळायला बसली. मुकाट्यानं म्हणजे तोंडानं. हातांनी तिनं भांडारातली जुनी चाळण काढून नवीच्या खाली बसवली. "घरी तांदूळ चाळल्यावर खालची कणी आमी कधी उडयतव?" तिनं भागीरथीला विचारलं. भागीरथी म्हणाली, "कणी कोण टाकतंय बाई, पेजंला लागती की." एवढ्यावर दोघींचं ठरलं. बारा बादल्या चाळून झाल्या तेव्हा वरच्या चाळणीत एकशे चाळीस जीव होते आणि खालच्या चाळणीत तीनशेच्या वर.

ते मोजताना तिला राहून राहून सुर्ल्याचं शेत आठवत होतं. खाणीच्या डंपाच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या डोंगराच्या, पायथ्याशी तिच्या बापाचं, बाबलीचं, भाताचं शेत होतं. खाणीचा एक साहेब भर मे महिन्यात पाहणीला आला. मे महिन्यात शेतात काय दिसणार? भेगा पडलेली माती. त्यानं लिहिलं, 'पडीक, पीक नाही.' खाली बाबलीची सही घेतली. पुढच्या पावसात डंप खचला, लाल गाळ गुडघाभर बसला, आणि पडीक जमिनीचं नुकसान कसलं म्हणून सगळ्यांनी हात झटकले. गाळाखाली गांडुळं गेली आणि त्यानंतर तिथं भात कधी झालं नाही. सही का केलीत असं कुणी विचारलं की बाबलीचं उत्तर ठरलेलं होतं. "त्या दिसा चष्मो घरी रवलो."

नाही म्हणून लिहायचं आणि मग नाहीसं करायचं. सुमंगलानं दातओठ खाल्ले. तिनं तक्त्यात वरचे आकडे लिहिले, त्याशेजारी नवा रकाना आखून खालचे लिहिले, दोन्ही चाळणींची मापं घातली आणि सही केली. बाटल्यांचं खोकं सकाळी नेहमीसारखं, नमुने जपून ठेवणाऱ्या सरकारी संग्रहालयाच्या गाडीत चढवलं. त्यात खालच्या चाळणीच्या बाटल्याही होत्या.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. तक्ता त्यांच्यासमोर होता.

"बस गो सुमंगला," ते म्हणाले. घरची बोली ऐकून ती उभीच राहिली. "तुझ्या पुढच्या वर्साच्या कंत्राटाचो कागद अजून सहीशिवाय माझ्या खणात आसा. ठावक आसा मां?"

"आसा."

"मगे हे खालचे आकडे कित्याक घातलंस?"

"खाली पडले म्हणान."

सर हसले. "अगो, ते किडे काय तुका वळखतत? तू तेंच्यासाठी पोटार पाय कित्याक मारून घेतंस?"

"माझ्या बापाशीच्या शेतातली गांडुळा पण आमकां वळखत नाय हुती," सुमंगला म्हणाली. "भात मात्र तेंच्यामुळा पिकत हुता. तुमका सगळा ठावक आसा सर. माका तुमीच शिकयलात. तुमका ठावक नसता तर माका इतको राग येवचो नाय हुतो."

सरांनी हसू आवरलं. तक्ता उचलला, उभा फाडला, आडवा फाडला, टोपलीत टाकला. मग कोरा तक्ता पुढे सरकवला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "फक्त वरचे आकडे लिही आणि सही कर."

"बाटल्यो सकाळच्या गाडयेन गेल्यो सर. सगळ्यो."

"बाटल्यांवरचे कागद बदलता येतात."

"चिठी भायर नाय, आत आसा. शिसपेन्सिलीन लिवलेली. कित्याक, तर शाई पाण्यात जाता. ह्या पण तुमीच शिकयलात." तिनं कोऱ्या तक्त्याला हात लावला नाही. "चाळणीचा माप, आकडो आणि माझी सही, दर एका बाटलयेत आसा."

सरांनी खण उघडला, तिच्या कंत्राटाचा कागद काढला आणि तोही फाडला. सुमंगलानं जुनी चाळण उचलली आणि ती बाहेर पडली. फाटकापर्यंत भागीरथी तिच्याबरोबर आली.

सुर्ल्याला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबली घराच्या सोप्यावर बसला होता. त्याच्यासमोर चाळण आपटूनच तिनं सगळं सांगितलं, चाळणीपासून फाडलेल्या कागदापर्यंत. सांगताना तिचा राग पुन्हा वर आला. सोळा वर्षं त्या माणसाला गुरू मानलं, ती म्हणाली, आणि त्याला सगळं माहीत होतं.

बाबलीनं ऐकून घेतलं. "म्हणजे काम गेला."

"गेला."

"आणि सही?"

"केलंय. आसा तां लिवन, वाचून केलंय."

बाबली चाळण हातात घेऊन तिच्या बारीक जाळीवरून बोट फिरवत राहिला. शेताच्या दिशेला त्यानं पाहिलं नाही, आणि तिच्याकडेही नाही.

"माझो चष्मो घरी नाय हुतो गो," तो म्हणाला. "खिशात हुतो. मियां वाचललंय."