रुद्राणीचा कोपर

वीरेशने माईक दानम्माच्या उंचीला आणला आणि म्हणाला, “मोठी माय, आता शेवटची हाक दे बरं. जोरात.”

दानम्माने पदर सावरून “सदाशिवा” म्हटलं. आवाज मठाच्या समोरच्या खांबापर्यंत गेला आणि तिथंच बसला.

वीरेशने टेबलावरच्या काळ्या पेटीकडे पाहिलं. तिच्यावर बारीक लाल दिव्यांची ओळ होती. एकही लागला नव्हता.

“ही पेटी तुझ्यासारख्या गरिबाच्या वाटेला जात न्हाई,” तो हसला.

“काय म्हणतेत हिला?”

“कॉम्प्रेसर.”

“पंक्चरच्या दुकानात असतो तो?”

“तो हवा दाबतो, हा आवाज. गाणारा हळू म्हणतो तोवर गप ऐकतो. आपण ठरवून दिलेल्या रेषेच्या वर आवाज गेला की वरचं तेवढं दाबतो. जितकं दाबलं तितके दिवे. न्हाईतर कर्णे किंचाळतेत.”

“आन् मग?”

“आवाज उतरला की सोडतो. पण हळूच. झटकन सोडलं तर गाण्याला हिसका बसतो.”

दानम्माने वाकून पेटीवरच्या दिव्यांवरून बोट फिरवलं.

उदगीरच्या या मठात श्रावणी सोमवारी दोघी जावा एकाच माईकवर गात आल्या होत्या. दानम्मा थोरली, वीरेशची आई रुद्राणी धाकटी. शेवटच्या कडव्यातली हाक तिची. तेवढ्यापुरती दानम्मा गप्प राही आणि डाव्या हाताने रुद्राणीचा कोपर धरून तिला माईकपासून मागे ओढी. आवाज उतरू लागला की एकेक बोट सैल करी. हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कर्णा किंचाळला, सासऱ्यांनी वळून पाहिलं आणि पुढच्या खेपेपासून हात आपसूक जाऊ लागला. घरी आल्यावर रुद्राणी कोपर चोळत म्हणे, “अक्का, बैलाला बी कुणी एवढं वढत न्हाई.”

संक्रांत झाली आणि रुद्राणी गेली. यंदा दुसरं भजन घ्या, असं मठातल्या बायका म्हणाल्या होत्या. दानम्माने होकार दिला नाही. हे भजन रुद्राणीने देगलूरहून, माहेराहून आणलेलं. ते दोनच गळ्यांत होतं, आता एकाच. आज हाक गेली नाही, तर पुढच्या श्रावणात ते कुणी मागणार नव्हतं.

“पेटीची रेषा तुझ्यासाठी खाली आणू का?” वीरेशने विचारलं. “गेल्या श्रावणात आईच्या आवाजावर लावली होती, ती तशीच हाय.”

“राहू दे तशीच.”

दिवेलागणीला मठ भरला. दानम्मा नेहमीसारखी माईकच्या उजव्या अंगाला उभी राहिली. पहिली कडवी सरळ गेली. शेवटचं आलं. तिने छाती भरून श्वास घेतला, आणि डावा हात उठून बाजूला गेला. बोटं मिटली. ओठही मिटलेलेच राहिले.

हाक द्यायची होती, हे तिला कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. बोटं आपली एकेक करून सैल होत होती. पुढची ओळ तिने कशीबशी उचलली, भजन संपवलं आणि खाली पाहत बाजूला झाली. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आपली कीव करताहेत, असं तिला वाटलं.

वायर गुंडाळता गुंडाळता वीरेश जवळ आला.

“मोठी माय, हाकेला सगळे दिवे लागले.”

दानम्माने गळ्यावर हात ठेवला.

“दुपारी एक बी लागत नव्हता,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “एवढा आवाज कुठं ठेवला होतास?”

तो उत्तराची वाट पाहत होता. डोळे अगदी आईचे. दानम्माने आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं.

“दाबलं ते दाबलं,” ती म्हणाली. “सोडलं कसं? झटकन?”

“न्हाई. हळूच.”

“मग बरं झालं.”

मठाच्या पायऱ्या रुंद होत्या. दानम्मा उजव्या कडेने, भिंतीला धरून उतरू लागली. मागून येणाऱ्या बाईने डावीकडून पुढे जायला पाऊल टाकलं, तशी दानम्मा थांबली आणि म्हणाली, “जरा थांब गं. जागा न्हाई.”